डाळीच्या दाण्यातले कोडे



आज डब्यात काय आणले आहे? तुम्ही जळगावचे असा की धुळ्याचे, आठवड्यातून एकदा तरी तुमच्या डब्यात कळण्याची भाकरी असणार. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती काळपट भाकरी आणि सोबत मिरचीचा ठेचा. रात्री घरी गेलात की डाळगंडोरी, कधी डुबुकवडे. आपल्या खानदेशाचे डाळीवाचून चालत नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिली आहेत. तूर, उडीद, मूग, हरभरा तेथे पोत्यांतून येतात आणि डाळ होऊन दूरदूरच्या गावांना जातात.

आता एक प्रश्न विचारतो. डाळीत प्रथिने भरपूर असतात, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. शंभर ग्रॅम उडदाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत ती सुमारे १० ग्रॅम असतात. मग आजी वाल रात्रभर भिजत का घालते? मोड आणून, सोलून, पुन्हा मऊ शिजवते कशासाठी? वाल कच्चेच खाल्ले तर प्रथिने मिळणार नाहीत का? प्रथिने तर तीच आणि तेवढीच आहेत!

तुम्ही म्हणाल, "कच्चे वाल पचत नाहीत." बरोबर. पण का पचत नाहीत? हा 'का' ज्यांच्या मागे लागला, अशा एका मराठी बाईंची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. त्या जीवरसायनशास्त्राच्या संशोधक होत्या. सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक घडामोडींचा अभ्यास म्हणजे जीवरसायनशास्त्र. पण डाळीच्या दाण्यापर्यंत पोहोचण्याआधी त्यांना एक बंद दार उघडून घ्यावे लागले. तेव्हा आधी त्या दाराची हकिकत ऐका.

बंगलोरचे दार

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगलोरला जमशेटजी टाटांच्या देणगीतून जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. घरात शास्त्राच्या गप्पा चालत. आपणही बंगलोरला जाऊन संशोधन करायचे, हे कमलाने लहानपणीच ठरवले असेल तर त्यात नवल नाही.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र आणि जोडीला भौतिकशास्त्र. गुण उत्तम होते. तिने बंगलोरला अर्ज केला. त्याच वर्षी संस्थेचे संचालक म्हणून सर सी. व्ही. रामन रुजू झाले होते. होय, तेच रामन, ज्यांना १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता.

आणि रामन यांनी अर्ज नाकारला. कारण? अर्ज करणारी मुलगी होती!

क्षणभर थांबा आणि स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहा. ज्यांचे नाव घेऊन देशभरची मुले विज्ञानाकडे वळत होती, त्याच मोठ्या माणसाने "मुलींना प्रवेश नाही" असे सांगावे! दुसरे कोणी असते तर रडून घरी बसले असते. कमला बसली नाही. ती बंगलोरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. माझे गुण कमी आहेत का? नसतील तर मला प्रवेश द्या, नाहीतर कारण सांगा, असा तिचा आग्रह होता. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. तिनेही संचालकांच्या दाराशी सत्याग्रहच मांडला.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटी घालून. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. तिचे काम समाधानकारक ठरले तरच पुढचे पाहू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतसुद्धा, तिला काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतले वातावरण तिच्यामुळे बिघडता कामा नये.

दुसरी अट कोणत्याही संशोधकाला लागू पडेल, पण पहिली आणि तिसरी? या अटी मुलांना घातल्या जात नव्हत्या. कमलाला अपमान कळत होता. पुढे म्हातारपणीही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. पण त्या दिवशी तिने अटी मान्य केल्या, कारण अपमानाला उत्तर द्यायचे तर ते प्रयोगशाळेतच देता येणार होते, आणि त्यासाठी आधी आत जाणे भाग होते.

वर्ष संपले. तिचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. तिला नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. म्हणजे दार एकटीसाठी उघडले नव्हते. ते मागून येणाऱ्या साऱ्याजणींसाठी उघडले होते.

नायट्रोजन मोजा, प्रथिने ओळखा

बंगलोरला कमलाचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. त्यांच्या हाताखाली तिने दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. विषय साधा वाटतो ना? पण ज्या देशात बहुसंख्य लोक मांस-अंडी क्वचितच खातात, तेथे गरिबाच्या ताटातली प्रथिने डाळीतूनच येतात. त्या डाळीत नेमके काय आहे, हे कळणे किती गरजेचे!

डाळीत प्रथिने किती, हे मोजतात कसे? त्यातली युक्ती पाहा. पिठूळ पदार्थ, साखर आणि तेल यांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. प्रथिनांत यांच्या जोडीला नायट्रोजनही असतो, वजनाच्या साधारण १६ टक्के. मग पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचे, कारण १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. समजा, १०० ग्रॅम तूरडाळीत ३.५ ग्रॅम नायट्रोजन निघाला, तर प्रथिने किती? सुमारे २२ ग्रॅम. करून पाहा गणित.

पण यात एक फसगत आहे. डाळीतला सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. काही नायट्रोजन दुसऱ्या लहान रेणूंत असतो. तो वेगळा काढला नाही तर डाळ आहे त्यापेक्षा पौष्टिक वाटेल. दुधात युरिया मिसळणारे भेसळखोर याच फसगतीचा फायदा घेतात. युरियात नायट्रोजन आहे, पण प्रथिन नाही. कमलाने डाळींतल्या अशा नायट्रोजनयुक्त पदार्थांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३६ साली एम.एस्‌सी. मिळवली.

१९३६ हे साल खानदेशच्या मुलांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. देशाचे भले करायचे तर खेड्याकडे पाहिले पाहिजे, हा विचार तेथे बोलला गेला. तिकडे बंगलोरला एक मुलगी परीक्षानळीतून खेड्यातल्या ताटाकडेच पाहत होती.

बटाटा आणि माणूस

पुढचा मुक्काम इंग्लंडमधले केंब्रिज विद्यापीठ. १९३७ साली कमला तेथल्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाली. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी त्यांना १९२९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते.

इंग्लंडमध्ये स्त्रियांसाठी सगळे मोकळे होते, असे मात्र समजू नका. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने, सर्व हक्कांसह पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये. म्हणजे बंद दारे फक्त बंगलोरला नव्हती.

केंब्रिजला तिने आधी डेरेक रिख्टर यांच्याबरोबर काम केले. विषय होता विकरांचा. विकर म्हणजे काय? तुम्ही एंझाइम हा शब्द ऐकला असेल. शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी आणि त्यांचा वेग वाढवणारी प्रथिने म्हणजे विकरे. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो. हे लाळेतल्या विकराचे काम आहे. ते पिठाची साखर करते. रिख्टर आणि ब्लाश्को या दोघांबरोबर कमलाने अमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराचा अभ्यास केला आणि त्यांचा निबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅड्रेनलीनसारख्या पदार्थांची शरीरात विल्हेवाट लावण्यात या विकराचा हात असतो. त्या वेळी हा केवळ जिज्ञासेचा विषय वाटला असेल. पण पुढे १९५० नंतरच्या दशकात याच विकराला अडवणारी औषधे खिन्नतेच्या आजारावर वापरली जाऊ लागली. पायाचा दगड बसवताना वर कोणता मजला चढणार आहे हे ठाऊक नसते, ते असे.

रिख्टर दुसरीकडे गेल्यावर कमला रॉबिन हिल यांच्याकडे आली. हिल वनस्पतींचे अभ्यासक. येथे तिने हातात घेतला बटाटा!

तुम्ही श्वास घेता तेव्हा रक्तातला ऑक्सिजन शेवटी पेशीत पोहोचतो. तेथे अन्नाचे ऑक्सिडीभवन होते आणि ऊर्जा मिळते. चुलीत लाकूड जळते तसेच हे, पण ज्वाळेशिवाय, एकेक पायरी उतरत. या पायऱ्यांवर इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात, जसे विहिरीपासून हौदापर्यंत माणसांची रांग लावून घागरी पुढे देतात. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. हे लोहयुक्त तांबडे प्रथिन आहे. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम असतात हे केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दाखवले होते. कमलाने बटाट्याच्या ऊतींत सायटोक्रोम सी आहे आणि वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाच्या कामी ते लागते, हे दाखवून दिले.

याचा अर्थ काय होतो, पाहा. जमिनीखालचा बटाटा आणि तो खाणारे तुम्ही, दोघेही एकाच पद्धतीने श्वसन करता! केळीचे झाड, गोठ्यातली गाय आणि वर्गातली मुले, सगळ्यांच्या पेशींत तीच रांग आणि त्याच घागरी.

या संशोधनाचा प्रबंध तिने अवघ्या १४ महिन्यांत पुरा केला. पाने किती? फक्त ४०. जाडजूड ग्रंथ म्हणजे मोठे संशोधन, असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९३९ साली कमलाला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा तिचा उल्लेख केला जातो.

कुलुपात अडकलेली किल्ली

१९३९ मध्येच डॉ. कमला भागवत भारतात परतल्या. दिल्लीला मुलींसाठी असलेल्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने निघाला होता. त्याच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरी पर्वतातल्या कुन्नूरला पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथे विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला होता. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून पुन्हा आपला जुना विषय काढला. तो म्हणजे आपल्या लोकांचे अन्न.

आता आपण सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. कच्चे वाल का पचत नाहीत?

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. हे मणी म्हणजे अमिनो आम्ले. ती वीस प्रकारची असतात. तुम्ही डाळ खाल्ली की ती माळ जशीच्या तशी रक्तात जात नाही. आधी तिचे तुकडे व्हावे लागतात, मणी सुटे व्हावे लागतात. हे काम पचनसंस्थेतली विकरे करतात. त्यातले एक महत्त्वाचे विकर म्हणजे ट्रिप्सिन. ते स्वादुपिंडातून लहान आतड्यात येते आणि ठरावीक मण्यांपाशी माळ कापते. एखाद्या कात्रीसारखेच.

१९१७ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांना एक गोष्ट दिसली. कच्चे सोयाबीन खाणारे उंदीर नीट वाढत नव्हते. तेच सोयाबीन शिजवून दिले की वाढत होते. पुढे १९४५ साली कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे काढले. ते ट्रिप्सिनच्या कात्रीत असे घट्ट अडकून बसते की कात्री चालेचना. चुकीची किल्ली कुलुपात अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसेच. अशा पदार्थाला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात.

पण सोयाबीन हे त्या काळी आपल्या ताटातले धान्य नव्हते. आपल्या डाळींचे काय? कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी याच्या मागे लागले. भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-रोधकांवरचे त्यांचे काम १९५४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९५६ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून वालातला ट्रिप्सिन-रोधक शुद्ध करून स्फटिकरूपात मिळवल्याचे प्रसिद्ध झाले. रक्तातल्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवणारी प्रथिनेही वालात असतात. त्यांचाही अभ्यास तेथे झाला.

झाडाने बियांत हा खोडा घालून ठेवला कशासाठी? स्वतःच्या संरक्षणासाठी. बी म्हणजे झाडाचे बाळ आणि त्याची शिदोरी. ती खायला किडे टपलेलेच असतात. किड्याच्या पोटातली कात्री बंद पाडली की किडा उपाशी. झाडाने किड्यासाठी लावलेला सापळा आपल्यालाही बाधतो, इतकेच.

आणि यावरचा उपाय तर तुमच्या आजीला ठाऊकच आहे. हे रोधक स्वतःही प्रथिनेच आहेत. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते. अंडे उकडल्यावर पांढरे होऊन घट्ट होते, ते यामुळेच. घडी विस्कटली की रोधकाची किल्ली कुलुपात बसत नाही. भिजवण्याने आणि मोड आणण्यानेही कडधान्यातले रोधक कमी होतात. म्हणजे भिजवणे, मोड आणणे, शिजवणे हे तिन्ही संस्कार शास्त्रीय आहेत. आजीला कृती माहीत होती, कमलाबाईंनी तिच्यामागचे कारण शोधले. कारण कळले की काय फायदा? शेकडो शाळांतल्या मुलांसाठी आहार ठरवायचा असेल, तर नुसत्या सवयीवर विसंबून चालत नाही. किती वेळ, किती उष्णता आणि कोणती डाळ, हे मोजून सांगावे लागते.

आता कळण्याच्या भाकरीचेही शास्त्र पाहू. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा मणी कमी असतो. उडदात तो भरपूर असतो. उडदात गंधकयुक्त मणी कमी, ते ज्वारी पुरवते. एकमेकांची उणीव भरून काढणारी ही जोडी आहे. तेव्हा डब्यातली काळी भाकरी पाहून कोणी नाक मुरडले, तर त्याला एवढे जरूर सांगा!

सूर्योदयापूर्वीचे पेय

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. ते म्हणजे नीरा. ताडासारख्या झाडांतून काढलेला गोड रस म्हणजे नीरा. ती उजाडण्यापूर्वी उतरवून थंड ठेवावी लागते. नाहीतर हवेतली यीस्ट तिच्यातल्या साखरेवर ताव मारतात, मद्यार्क तयार होतो आणि नीरेची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आणि तिच्यापासून केलेल्या ताडगुळातही ती बऱ्याच अंशी टिकून राहत असल्याचे कमलाबाईंच्या अभ्यासात आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मित्रांनो, हा विषय आपल्याला परका नाही. सातपुड्याच्या कुशीत, शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा या भागांत कुपोषणाचा प्रश्न आपल्या शेजारीच उभा आहे. मूल सारखे आजारी पडते, उंची वाढत नाही, वर्गात लक्ष लागत नाही. पुष्कळदा यामागे दैव नसते. ताटात मणी अपुरे पडलेले असतात. कमलाबाईंनी निवडलेले विषय पाहा. दूध, डाळ, नीरा. एकही विषय श्रीमंतांच्या ताटातला नाही.

पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. ज्या मुलीला एका संस्थेचे संचालक आत घ्यायला तयार नव्हते, तीच दुसऱ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची संचालक झाली! पण हे पदही त्यांना वेळेवर मिळाले नाही, ते काही वर्षे लांबले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली नऊ महिलांनी मुंबईत ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. तिच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. भेसळ हा काही लहान विषय नव्हे. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळली तर काय होते, ठाऊक आहे? लाखेची डाळ दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा रोग होऊ शकतो. डाळ पिवळीधमक दिसावी म्हणून मेटॅनिल यलोसारखा घातक रंगही काही जण लावतात. प्रयोगशाळेतले ज्ञान वाण्याच्या दुकानापर्यंत नेणे, हेही शास्त्रज्ञाचेच काम, असे कमलाबाईंनी कृतीने सांगितले.

१९९८ साली दिल्लीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. ज्या मुलांच्या ताटाचा विचार कमलाबाईंनी केला, तशी कितीतरी मुले त्या नव्या जिल्ह्यात होती.

एक प्रयोग करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

साहित्य : एक बटाटा, दोन काचेचे पेले आणि औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड.

कृती : बटाट्याचे दोन भाग करा. एक कच्चाच ठेवा. दुसरा चांगला उकडून थंड होऊ द्या. दोन्हींच्या सारख्या फोडी करून वेगवेगळ्या पेल्यांत टाका. त्या बुडतील इतके हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातावर सांडले तर लगेच धुवा, आणि प्रयोगातल्या फोडी खाऊ नका.

काय दिसते? कच्च्या फोडीभोवती फसफसून बुडबुडे येतात. उकडलेल्या फोडीभोवती जवळजवळ काहीच होत नाही.

कारण : बटाट्यात कॅटालेज नावाचे विकर असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. उकडल्याने त्या विकराची घडी विस्कटली, म्हणून ते निकामी झाले. वाल शिजवल्यावर ट्रिप्सिन-रोधकाचे असेच होते. आणखी एक गंमत आहे. सायटोक्रोम सी प्रमाणेच कॅटालेजमध्येही लोह असते. ज्या बटाट्याने कमलाबाईंना पीएच.डी. मिळवून दिली, त्यानेच आज तुम्हाला विकराची ओळख करून दिली!

पुढचे कोडे तुमचे

आता तुम्ही विचाराल, आमच्यासाठी काही शिल्लक आहे का? पुष्कळ आहे. एकच उदाहरण देतो. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल नावाचा आनुवंशिक रोग आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. याचे मूळ काय? हिमोग्लोबिन या प्रथिनात १४६ मण्यांची एक माळ असते. तिच्यातला सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलेले असते, बस्स. एकशे सेहेचाळीसांत एक मणी, आणि माणसाचे सारे आयुष्य बदलते! हा बदल १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधला तोही केंब्रिजलाच. मात्र सातपुड्यातल्या पाड्यावर राहणाऱ्या मुलाला आराम देण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.

ते कोण करणार? कमलाच्या घरी वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ होते. तुमच्या घरी कदाचित नसतील. पण तिला ज्यासाठी दारात उभे राहावे लागले, ते दार आज उघडे आहे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्याच वर्षी जीवरसायनशास्त्र शिकवतात. जळगावला तर बहिणाबाई चौधरींच्या नावाचे विद्यापीठ आहे. जी बाई शाळेत गेली नव्हती तिच्या नावाचे विद्यापीठ! तेथे जाताना कोणत्याही मुलीला "प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवणार नाही" असे लिहून द्यावे लागत नाही.

आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते, यात शंका नाही. आकाश आणि समुद्र निळे का दिसतात याचा विचार करणाऱ्या माणसाचीही समजूत एका बाबतीत चुकीची होती. ती चूक वादाने सुटली नाही, वर्षभराच्या कामाने सुटली. मोठ्या माणसांचा आदर करावा, पण त्यांचे म्हणणेही तपासून पाहावे, हे विज्ञानच आपल्याला शिकवते. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीचा प्रश्न तुम्ही हसण्यावारी नेला असेल, तर तो तिला पुन्हा विचारायला सांगा.

आज घरी गेलात की आजीला विचारा, वाल किती वेळ भिजवतेस? हरभरा किती? मूग किती? तिची उत्तरे वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे एक 'का' लिहा. कमलाबाईंची सुरुवातही अशाच एखाद्या 'का'पासून झाली असणार.